मायक्रोॲरेचे नमुने रोगाप्रमाणे न जमता बॅचप्रमाणे जमतात, तेव्हा काय तपासायचं?

जीन एक्स्प्रेशन ऑम्निबस या सार्वजनिक संग्रहावरून, म्हणजे आपल्या नेहमीच्या जीईओवरून, दोन-तीन मायक्रोॲरे (हजारो जनुकांची अभिव्यक्ती एकाच वेळी तपासणारी चिप) डेटासेट उतरवायचे, एकत्र करायचे, ट्यूमर आणि नॉर्मल यांच्यात कुठल्या जनुकांची अभिव्यक्ती बदलली ते काढायचं आणि मग पाथवे, नेटवर्क, हब जीन असं पुढे जायचं. एमएस्सीचे कितीतरी प्रोजेक्ट हल्ली या एकाच वाटेने जातात आणि त्यातले पुष्कळसे एकाच ठिकाणी अडतात. अडलेले तरी बरे. न अडता पुढे गेलेल्यांची जास्त काळजी वाटते.

अडचण तीन रूपांत दिसते.

पहिलं रूप: पीसीए प्लॉटमध्ये (हजारो जनुकांतला फरक दोन अक्षांवर दाखवणाऱ्या चित्रात) नमुने रोगाप्रमाणे वेगळे होतच नाहीत. जीएसई क्रमांकाप्रमाणे, म्हणजे डेटासेटप्रमाणे, दोन पुंजके पडतात आणि प्रत्येक पुंजक्यात ट्यूमर-नॉर्मलची सरमिसळ असते.

दुसरं रूप: नमुने रोगाप्रमाणे अगदी सुरेख वेगळे होतात. लिम्मा हे आर-मधलं पॅकेज हजारो जनुकांवर सिग्निफिकंटचा शिक्का मारतं, हीटमॅप लाल-निळा स्वच्छ येतो, गाईड खूश. आणि मग कुणीतरी विचारतं की हे सगळे ट्यूमर एकाच डेटासेटमधले आणि सगळे नॉर्मल दुसऱ्यातले आहेत का? असतात.

तिसरं रूप: कॉम्बॅट, म्हणजे बॅचचा फरक काढून टाकणारी पद्धत, चालवायला घेतलं की एरर येते, कोव्हेरिएट (इथे ट्यूमर-नॉर्मल हा गट) बॅचशी कन्फाउंडेड, म्हणजे गुंतलेला, आहे. किंवा एरर येत नाही, पण नंतर यादीत एकही जनुक उरत नाही.

तिन्हींच्या मुळाशी बॅच इफेक्टच आहे, म्हणजे एकत्र प्रक्रिया झालेल्या नमुन्यांवर (एका बॅचवर) पडलेली सामायिक तांत्रिक छाप, पण तिन्हींवरचा उपाय एक नाही. म्हणून "कॉम्बॅट लावा" हे सरसकट उत्तर कुणी देऊ नये आणि घेऊही नये.

हे होतं कशामुळे

मायक्रोॲरे जनुकाची अभिव्यक्ती थेट मोजत नाही. चिपवरच्या प्रोबला, म्हणजे ठरावीक जनुकाशी जुळणाऱ्या डीएनएच्या तुकड्याला, जाऊन चिकटलेल्या, चमकणारं लेबल लावलेल्या रेणूंची चमक मोजतं. तिथवर पोचायच्या आधी ऊतीतून आरएनए काढावा लागतो, त्याचा सीडीएनए करावा लागतो, तो वाढवून लेबल लावावं लागतं, ॲफिमेट्रिक्सच्या नेहमीच्या चिपवर ४५ अंश सेल्सियसला १६ तास हायब्रिडायझेशन करावं लागतं, मग धुणं, रंगवणं आणि स्कॅनिंग. यातल्या प्रत्येक पायरीवर त्या दिवसाची, त्या किटच्या लॉटची, करणाऱ्या हाताची छाप पडते. तीही सगळ्या प्रोबवर सारखी पडत नाही. जीसी (ग्वानिन-सायटोसिन) जास्त असलेले प्रोब एका तऱ्हेने हलतात, कमी असलेले दुसऱ्या. आरएनए थोडा तुटलेला असेल, तर प्रतिलेखाच्या ३ प्राइम टोकापासून लांब असलेल्या प्रोबची चमक आधी घटते.

म्हणूनच नॉर्मलायझेशन करून हा प्रश्न सुटत नाही. क्वांटाइल नॉर्मलायझेशन प्रत्येक चिपच्या एकूण चमकेचं वितरण सारखं करतं. बॉक्सप्लॉट शिस्तीत एका ओळीत उभे राहतात आणि आपल्याला वाटतं, झालं काम. पण एकेका जनुकाचा बॅचप्रमाणे झालेला वर-खालीपणा तसाच राहतो. सपाट बॉक्सप्लॉट दाखवून बॅच गेली असं सांगणारे थीसिस मी वाचले आहेत. त्या आकृतीतून तसं काहीच सिद्ध होत नाही.

सगळ्यात आधी: एक साधा तक्ता

सॉफ्टवेअर उघडायच्या आधी कागद घ्या. ओळींत बॅच, स्तंभांत गट. प्रत्येक चौकटीत नमुन्यांची संख्या. पुढचं सगळं या तक्त्यावर ठरतं, आणि तीन रूपांपैकी आपलं कुठलं तेही इथेच कळतं.

समजा डेटासेट 'अ'मध्ये २० ट्यूमर, २० नॉर्मल आहेत आणि 'ब'मध्ये १५-१५. म्हणजे पहिलं रूप. पीसीए कितीही वाईट दिसला तरी हा डेटा निरोगी आहे, उपाय सोपा आहे.

समजा 'अ'मध्ये ४० ट्यूमर आणि शून्य नॉर्मल, 'ब'मध्ये शून्य ट्यूमर आणि ३० नॉर्मल. दुसरं रूप. पीसीए कितीही देखणा असला तरी यातून ट्यूमर-नॉर्मल फरक काढता येत नाही. आजही नाही आणि उद्या नवं पॅकेज आलं तरी नाही. परीक्षेत मुलांचे सगळे पेपर एका परीक्षकाने तपासले आणि मुलींचे सगळे दुसऱ्याने, तर सरासरी गुणांतला फरक मुलामुलींचा की परीक्षकांच्या हाताचा, हे गुणपत्रिका बघून कुणाला सांगता येईल? थोडे पेपर अदलाबदल झाले असते तर सांगता आलं असतं. डेटामध्ये जी माहिती मुळात उतरलेलीच नाही, ती गणिताने निर्माण होत नाही.

समजा 'अ'मध्ये ४० ट्यूमर, ३ नॉर्मल आणि 'ब'मध्ये ३० नॉर्मल. ही सगळ्यात फसवी परिस्थिती. इथे एररही येत नाही. पण बॅच हिशेबात धरली की ट्यूमर-नॉर्मल फरकाची सगळी माहिती 'अ'मधल्या ४० विरुद्ध ३ यातूनच येते. 'ब'मधले ३० नॉर्मल जनुकाचं व्हेरिएन्स ठरवायला हातभार लावतात, फरकाच्या आकड्यात त्यांचं योगदान नाही. मेथड्स विभागात "एकूण ७३ नमुने" असं लिहिलं की भारदस्त वाटतं, पण खरी ताकद त्या तीन नॉर्मलएवढीच.

बॅच म्हणजे फक्त जीएसई क्रमांक नव्हे

तक्त्यात 'बॅच' म्हणून काय लिहायचं? बहुतेक जण डेटासेटचा क्रमांक लिहून थांबतात. पण एकाच जीएसईमध्येही चार-पाच बॅच लपलेल्या असू शकतात, कारण शंभर चिप एका दिवसात होत नाहीत.

ॲफिमेट्रिक्सच्या चिपसाठी हे शोधायचा सोपा मार्ग आहे. प्रोसेस केलेली सीरिज मॅट्रिक्स फाइल बाजूला ठेवा आणि कच्च्या सीईएल फाइल उतरवा. प्रत्येक सीईएल फाइलच्या हेडरमध्ये स्कॅनची तारीख आणि वेळ असते. बायोकंडक्टरच्या ॲफी पॅकेजने फाइल वाचल्या की ती प्रोटोकॉल डेटामध्ये स्कॅनडेट या नावाखाली मिळते. तारीख बहुधा अमेरिकी पद्धतीची असते, महिना आधी आणि दिवस नंतर, तेव्हा ०३/०४/०५ वाचताना सांभाळा. जीईओच्या पानावर दिसणारी सबमिशनची तारीख मात्र इथे कामाची नाही. ती डेटा कधी चढवला ते सांगते, चिप कधी झाली ते नाही.

तारखा मिळाल्या की पीसीएवर ठिपक्यांना तारखेप्रमाणे रंग द्या. पुंजके गटाप्रमाणे की महिन्याप्रमाणे, ते लगेच दिसतं.

ही युक्ती क्षुल्लक वाटेल, पण हिच्यामुळे एक गाजलेला शोधनिबंध अडचणीत आला होता. २००७ मध्ये रिचर्ड स्पीलमन, विवियन च्युंग आणि सहकाऱ्यांनी नेचर जेनेटिक्समध्ये लिहिलं, की युरोपीय वंशाचे लोक आणि चिनी-जपानी लोक यांच्या पेशीरेषांमध्ये (सेल लाइनमध्ये) तपासलेल्या जनुकांपैकी सुमारे २६ टक्के जनुकांची अभिव्यक्ती वेगळी आहे. नमुने हॅपमॅप या मानवी जनुकीय विविधतेच्या प्रकल्पातले, चिप ॲफिमेट्रिक्सची. त्याच वर्षी जोशुआ एकी, शमीक बिस्वास, जेफ्री लीक आणि जॉन स्टोरी यांनी डेटा पुन्हा तपासला. त्यांच्या पद्धतीने तर ७८ टक्के जनुकं वेगळी निघाली. मग त्यांनी चिप कधी प्रोसेस झाल्या ते पाहिलं. युरोपीय नमुने मुख्यतः २००३-२००४ मधले, आशियाई नमुने २००५-२००६ मधले. वर्षाचा हिशेब धरल्यावर एकही जनुक सिग्निफिकंट उरलं नाही.

याचा अर्थ दोन लोकसमूहांत फरक नाहीच असा लावू नका. अर्थ एवढाच, की त्या चिपवरून फरक किती हे सांगता येत नव्हतं. गंमत अशी, की नमुने उत्तम होते, प्रयोगशाळा नावाजलेली होती, संख्याही चांगली होती. चुकलं ते फक्त वेळापत्रक.

खोटी बॅच: आधी हे वगळा

पहिल्या रूपात दिसणारे पुंजके कधीकधी खऱ्या बॅचचे नसतातच, आपल्या फायली जोडण्यातल्या घोळाचे असतात. हे तपासायला पाच मिनिटं लागतात.

प्रत्येक डेटासेटमधली किमान आणि कमाल किंमत बघा. आरएमए या नॉर्मलायझेशन पद्धतीने काढलेल्या किमती आधीच लॉग २ मध्ये असतात, साधारण २ ते १६ यांच्या मध्ये. कमाल किंमत हजारोंत असेल तर तो डेटा लॉगमध्ये नाही, बहुधा मास ५ या जुन्या पद्धतीने काढलेला आहे. दोन्ही तसेच जोडले तर पीसीएच्या पहिल्या अक्षावर डेटासेट सोडून दुसरं काही दिसणारच नाही. आणि किमती शून्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या असतील तर ते बहुधा दोन रंगांच्या चिपचे लॉग रेशो आहेत. त्यांची एका रंगाच्या चमकेशी बेरीज-वजाबाकी करण्यात अर्थ नाही.

चिपचं मॉडेल एकच आहे का? जीईओमध्ये चिपच्या मॉडेलला जीपीएल क्रमांक असतो: जीपीएल ९६ म्हणजे एचजी-यू१३३ए, त्यावर २२,२८३ प्रोबसेट (एका प्रतिलेखासाठीचे प्रोबचे संच). जीपीएल ५७० म्हणजे यू१३३ प्लस २.०, त्यावर ५४,६७५. जीपीएल ९६ मधले प्रोबसेट जीपीएल ५७० वर सापडतात, त्यामुळे हे दोन निदान प्रोबसेटच्या नावावर जोडता येतात. पण ॲफिमेट्रिक्स आणि इल्युमिना किंवा ॲजिलंट जोडायचे, तर जनुकाच्या चिन्हावर यावं लागतं, आणि तिथे एकाच जनुकाचे प्रोब दोन कंपन्यांनी प्रतिलेखाच्या वेगवेगळ्या भागांतून उचललेले असतात. आकडे थेट जुळतील ही अपेक्षाच चुकीची. चिन्हंही जुनी-नवी तपासून घ्या. सेप्ट आणि मार्च मालिकेतल्या जनुकांना एक्सेल तारखा समजतं म्हणून २०२० मध्ये त्यांची अधिकृत नावं बदलली, त्यामुळे जुन्या आणि नव्या ॲनोटेशनमध्ये ती जनुकं गुपचूप गळतात.

एकच प्लॅटफॉर्म असेल, तर सरळ सगळ्या सीईएल फाइल एकत्र घेऊन एकदाच आरएमए करा. वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या पद्धतीने प्रोसेस केलेल्या मॅट्रिक्स जोडण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं. करता करता न्यूज आणि आरएलई हे चिपचा दर्जा दाखवणारे आलेखही काढा. ज्या चिपचं न्यूजचं मधलं मूल्य इतरांपेक्षा स्पष्ट वर गेलं आहे, ती चिप बॅचचा भाग नसून बहुधा निव्वळ खराब चिप आहे. अशी एखादी चिपसुद्धा पीसीएचा पहिला अक्ष पळवून नेते.

नमुन्यांची लेबलंही तपासा. ज्या नोंदीत लिंग दिलेलं असतं तिथे एक्सआयएसटी आणि आरपीएस४वाय१ या दोन जनुकांचा आलेख काढायचा. स्त्रियांत पहिलं वर, पुरुषांत दुसरं. जो नमुना चुकीच्या कोपऱ्यात बसतो त्याची अदलाबदल झालेली असू शकते. ही भीती अनाठायी नाही. २०१६ मध्ये टोकर, फेंग आणि पावलिडिस यांनी सार्वजनिक डेटासेट असे तपासले, तर ४६ टक्के डेटासेटमध्ये निदान एक तरी नमुना चुकीच्या लेबलचा वाटला. स्तनाच्या किंवा गर्भाशयाच्या कर्करोगात ही चाचणी चालत नाही, हे उघड आहे.

पहिल्या अक्षावर कोणती जनुकं आहेत?

हे फार थोडे जण बघतात, आणि मला तपासातली सगळ्यात बोलकी पायरी हीच वाटते. पीसीएच्या पहिल्या अक्षाला सगळ्यात जास्त वजन देणारी पन्नासेक जनुकं काढा आणि नुसती वाचा.

यादीत एफओएस, जेयूएन (JUN) आणि उष्माघात (हीट शॉक) प्रथिनांची जनुकं असतील, तर नमुना काढल्यापासून आरएनए स्थिर होईपर्यंत गेलेला वेळ बोलतो आहे. एका रुग्णालयात ऊतीचा तुकडा लगेच द्रव नायट्रोजनमध्ये गेला, दुसरीकडे तो तासभर ट्रेमध्ये पडून होता. हिमोग्लोबिनची एचबीए, एचबीबी ही जनुकं असतील तर ऊतीत रक्त किती होतं याचा फरक आहे. रक्ताचेच नमुने असतील तर ग्लोबिनचे प्रतिलेख काढून टाकण्याची प्रक्रिया एका बॅचला केली आणि दुसरीला नाही, असं असू शकतं. इम्युनोग्लोब्युलिनची जनुकं म्हणजे प्लाझ्मा पेशी. केराटिन म्हणजे त्वचेचा किंवा उपकलेचा भाग कमी-जास्त आला. रायबोसोमल प्रथिनांची लांबलचक यादी आली आणि एरवी काही अर्थ लागत नसेल, तर आरएनएचा दर्जा आणि लेबलिंग यांच्याकडे संशयाने बघा.

यातलं काही तांत्रिक आहे, काही खरं जीवशास्त्र आहे, आणि दोन्हींची सीमारेषा नेहमी स्पष्ट नसते. ट्यूमरच्या शेजारचं "नॉर्मल" आणि निरोगी दात्याचं नॉर्मल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका डेटासेटमध्ये पहिलं आणि दुसऱ्यात दुसरं असेल, तर ती बॅच कॉम्बॅटने 'दुरुस्त' करायची वस्तूच नाही.

दोन्ही डेटासेटमध्ये नॉर्मल असतील तर आणखी एक चाचणी जरूर करा. फक्त नॉर्मल विरुद्ध नॉर्मल, 'अ' विरुद्ध 'ब'. यातून जितकी जनुकं सिग्निफिकंट निघतील, तितका तुमचा बॅच इफेक्ट मोठा. ट्यूमर-नॉर्मल यादीच्या शेजारी ही संख्या ठेवली की आपोआप जमिनीवर यायला होतं.

उपाय, तक्त्याप्रमाणे

*दोन्ही गट सगळ्या बॅचमध्ये आहेत.* डेटा आधी दुरुस्त करायची गरजच नाही. लिम्माच्या डिझाइन मॅट्रिक्समध्ये गटाबरोबर बॅच हा दुसरा घटक म्हणून घाला आणि कच्च्या, म्हणजे आरएमएनंतरच्या पण बॅच-दुरुस्ती न केलेल्या, आकड्यांवर मॉडेल बसवा. तुलना आपोआप प्रत्येक बॅचच्या आत होते आणि डिग्री ऑफ फ्रीडमचा हिशेबही बरोबर राहतो. पीसीए किंवा हीटमॅप छान दिसावा म्हणून रिमूव्हबॅचइफेक्ट हे फंक्शन वापरा, पण फक्त चित्रासाठी. त्याचं आउटपुट पुन्हा लिम्मात घालायचं नाही, हे त्याच्या मदतपानावरच लिहिलेलं आहे.

दुसरा रस्ता म्हणजे डेटासेट जोडायचेच नाहीत. प्रत्येकाचं विश्लेषण स्वतंत्र करा आणि शेवटी निकाल जोडा: फोल्ड चेंजची (अभिव्यक्ती किती पट बदलली त्याची) दिशा सगळीकडे एकच आहे का, आणि रँडम इफेक्ट्स मेटा-ॲनालिसिसमध्ये परिणाम टिकतो का. प्लॅटफॉर्म वेगवेगळे असतील तेव्हा मी हाच रस्ता सुचवतो. यात चकचकीत एकत्रित हीटमॅप मिळत नाही, त्यामुळे विद्यार्थ्यांना तो आवडत नाही. पण परीक्षक टोकायला लागला की हाच टिकतो.

*गट आणि बॅच अर्धवट गुंतलेले आहेत.* इथेही बॅच मॉडेलमध्येच घाला. आधी कॉम्बॅट आणि मग लिम्मा हा प्रचलित क्रम इथे खरोखर घातक आहे. २००७ मध्ये जॉन्सन, ली आणि राबिनोविच यांनी कॉम्बॅट मांडलं. लहान बॅचमध्येही चालावं म्हणून त्यात एम्पिरिकल बेजचा वापर आहे, आणि पद्धत म्हणून ती चांगलीच आहे. घोटाळा तिच्या वापरात होतो. गट कोव्हेरिएट म्हणून देऊन कॉम्बॅट केलं, की ते गटांतला अंदाजित फरक जपून बाकीचं सपाट करतं. त्या अंदाजात मुळात किती अनिश्चितता होती हे पुढच्या लिम्माला कळत नाही. त्याला वाटतं की ७३ स्वच्छ नमुने आले आहेत. पी-व्हॅल्यू अवाच्या सवा लहान येतात. नायगार्ड, रोडलँड आणि होविग यांनी २०१६ मध्ये बायोस्टॅटिस्टिक्समध्ये हेच दाखवलं: डिझाइन असंतुलित असेल तर ही दुरुस्ती नसलेला फरकही उभा करू शकते.

विश्वास बसत नसेल तर स्वतः करून बघा. तुमच्या तक्त्याइतकेच नमुने, पण आकडे निव्वळ यादृच्छिक. त्यात बॅचप्रमाणे थोडा धक्का द्या, गटाचा फरक शून्य ठेवा. मग तुमची सगळी कृती, कॉम्बॅट धरून, त्यावर चालवा. खोट्या डेटातून शेकडो 'बायोमार्कर' निघाले तर खऱ्या डेटातल्या यादीचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा. लॅपटॉपवर हे काम चहा होईपर्यंत संपतं, तरी कुणी करत नाही.

*गट आणि बॅच पूर्ण गुंतलेले आहेत.* इथे दोन पळवाटा नेहमी वापरल्या जातात, दोन्ही ओळखून ठेवा.

पहिली कॉम्बॅटमधली. एरर येते, मग मंडळी कोव्हेरिएट काढून पुन्हा चालवतात. एरर गेली. पण आता कॉम्बॅटच्या दृष्टीने दोन बॅचमधला सगळा फरक बॅचचाच, त्यामुळे ट्यूमर-नॉर्मलचा खरा फरकही त्यातच पुसला जातो. तिसऱ्या रूपात एकही जनुक उरत नाही ते यामुळे.

दुसरी लिम्मातली, आणि ही जास्त वाईट. डिझाइनमध्ये गट आधी आणि बॅच नंतर लिहिली की लिम्मा थांबत नाही. एक ओळ छापतं, की अमुक कोइफिशंट एस्टिमेबल नाही, आणि बॅचचा स्तंभ सोडून पुढे जातं. मग गटाच्या कोइफिशंटमध्ये रोगाचा परिणाम आणि बॅचचा परिणाम दोन्ही मिसळलेले येतात. कागदावर मात्र लिहिलं जातं, "बॅचसाठी ॲडजस्ट केलं." ती एक ओळ वाचा. लाल अक्षरांत येत नाही म्हणून ती बिनमहत्त्वाची नाही.

एसव्हीए (सरोगेट व्हेरिएबल ॲनालिसिस) घेऊनही सुटका नाही. लीक आणि स्टोरी यांची ही पद्धत न नोंदलेल्या बॅच शोधायला छान आहे, पण लपलेला घटक गटाशी तंतोतंत जुळत असेल तर तिलाही तो वेगळा काढता येत नाही.

मग करायचं काय? प्रश्न बदलायचा. ४० ट्यूमर हातात आहेत, तर ट्यूमरच्या आतले प्रश्न विचारा: स्टेज, ग्रेड, रिसेप्टर स्टेटस, सर्व्हायव्हल, ज्याची नोंद उपलब्ध असेल ते. तिथेही स्कॅनच्या तारखेशी तक्ता मांडायचाच. किंवा ज्या डेटासेटमध्ये एकाच रुग्णाच्या ट्यूमर आणि शेजारच्या ऊतीच्या जोड्या आहेत असा एक, लहान का असेना, शोधा. दहा जोड्यांचा एक नीट डेटासेट शंभर बेजोड नमुन्यांपेक्षा जास्त सांगतो.

स्वतःच्या चिप करणार असाल तर

आता मायक्रोॲरे करणाऱ्या लॅब कमी झाल्या, पण आहेत. नियम मोजके आहेत. केस आणि कंट्रोल दर दिवशी, दर चिपवर मिसळून. चिपवर बारा जागा असतील (इल्युमिनाच्या एचटी-१२ वर तशा असायच्या), तर सहा-सहा, तेही वर सगळे केस आणि खाली सगळे कंट्रोल असं नाही. आरएनए काढण्याचा क्रमही चिठ्ठ्या टाकून ठरवा, नुसता चिपचा नाही. दर बॅचमध्ये एकच सामायिक आरएनए, उदाहरणार्थ युनिव्हर्सल ह्यूमन रेफरन्स आरएनए, घाला. बॅच किती हलली हे मग अंदाजाने नाही, मोजून सांगता येतं. आणि किटचा लॉट क्रमांक, तारीख, कोणी केलं, आरएनएचा आरआयएन (किती शाबूत आहे त्याचा आकडा), हे सगळं एकाच शीटमध्ये पहिल्या दिवसापासून.

दोन रंगांच्या चिप वापरणाऱ्यांसाठी एक वेगळी नोंद. सगळ्या चिपमध्ये लाल रंग, म्हणजे सीवाय-५, ठरावीक दिवसांनाच फिका पडत असेल तर हवेतला ओझोन तपासा. २००३ मध्ये फेअर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की हवेत ओझोन ५ ते १० पीपीबी इतका थोडा असला आणि चिप १० ते ३० सेकंदच उघडी राहिली, तरी सीवाय-५ वर परिणाम होतो. हिरव्या सीवाय-३ ला १०० पीपीबीच्या पुढे जाईपर्यंत फारसं काही होत नाही. जमिनीलगतचा ओझोन उन्हाने तयार होतो, म्हणून तो दुपारी चढतो. पुण्यासारख्या ठिकाणी उन्हाळ्यात जास्त आणि पावसाळ्यात कमी असतो. म्हणजे एप्रिलच्या दुपारी धुतलेल्या आणि जुलैत धुतलेल्या चिप या दोन बॅच झाल्याच. धुणं आणि स्कॅनिंग कार्बन फिल्टर असलेल्या बंदिस्त जागेत करा. ते शक्य नसेल तर निदान सकाळी लवकर करा, आणि डाय-स्वॅप, म्हणजे रंगांची अदलाबदल करून पुन्हा केलेली चिप, टाळू नका.

आरएनए-सेकवर, म्हणजे चिपऐवजी थेट सीक्वेन्सिंगवर, गेलं की हे संपतं का?

नाही. मुळाचा, आरएनए काढण्याचा आणि नमुना हाताळण्याचा भाग तसाच राहतो, वर सीक्वेन्सिंग मशीनच्या फ्लो सेल आणि लेनची भर पडते. २०१४ मध्ये पीएनएएसमध्ये एक निष्कर्ष आला होता, की माणूस आणि उंदीर यांच्या ऊतींची अभिव्यक्ती ऊतीप्रमाणे न जमता प्रजातीप्रमाणे जमते. म्हणजे माणसाचं यकृत उंदराच्या यकृतापेक्षा माणसाच्या मेंदूच्या जवळ. योआव गिलाड आणि ओर्ना मिझराही-मान यांनी २०१५ मध्ये सीक्वेन्सिंगच्या फाइलींतल्या रीडच्या नावांवरून कुठला नमुना कुठल्या मशीनवर, कुठल्या लेनमध्ये गेला होता ते काढलं. बहुतेक बॅचमध्ये एकाच प्रजातीचे नमुने होते. बॅचचा हिशेब धरल्यावर ऊती ऊतींजवळ गेल्या. सीईएल फाइलच्या हेडरमधली तारीख वाचण्याचाच हा नवा अवतार.

टीसीजीए या कर्करोगाच्या प्रकल्पातले ट्यूमर आणि जीटेक्स या सामान्य ऊतींच्या प्रकल्पातले नॉर्मल जोडणाऱ्यांनी याचा विचार करावा. दोन्ही एकाच पाइपलाइनमधून पुन्हा प्रोसेस केलेले मिळतात, त्याने संगणकातला फरक जातो. पण जीटेक्सच्या बहुतेक ऊती मृत्यूनंतर काढलेल्या आहेत, टीसीजीएच्या शस्त्रक्रियेत. तक्ता मांडला की ट्यूमर एका चौकटीत, नॉर्मल दुसऱ्या. टीसीजीएमध्ये ज्या कर्करोगांसाठी शेजारच्या नॉर्मल ऊती आहेत, तिथे आधी त्या वापरा आणि जीटेक्स फक्त पडताळ्याला ठेवा.

राहता राहिला गाईडचा प्रश्न. विषय नोंदवून झालेला असतो, सिनॉप्सिसमध्ये दोन जीएसई क्रमांक लिहिलेले असतात आणि "आता बदलता येणार नाही" असं सांगितलं जातं. अशा वेळी वाद घालू नका, तक्ता आणि नॉर्मल-विरुद्ध-नॉर्मलची संख्या छापून समोर ठेवा. यादृच्छिक डेटावरचा प्रयोग केला असेल तर तोही. डेटासेट बदलायला विद्यापीठाची बहुधा ना नसते, शीर्षक तेच ठेवूनही ते करता येतं. तेही जमलंच नाही, तर मेथड्समध्ये गट आणि बॅच पूर्ण गुंतलेले आहेत हे स्पष्ट लिहा, यादीला 'बायोमार्कर' म्हणू नका, 'पडताळणीसाठी उमेदवार जनुकं' म्हणा, आणि जोड्यांचा एखादा स्वतंत्र डेटासेट घेऊन त्यातली किती टिकतात ते एका परिशिष्टात द्या. व्हायवाला एक्स्टर्नल बहुधा तिथूनच सुरुवात करतात.